खोला, ब्याडगी, हरमल : मध्यम तिखट मिरचीच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

काम असे ठरले : रेशाद (मासे भरायचे आंबट लाल वाटण), हुमण (नारळाच्या रसातले माशाचे कालवण) आणि शागुती (भाजलेला नारळ, खसखस यांचे वाटण) या गोव्याच्या तीन वाटणांसाठी मध्यम तिखट सुकी मिरची वजनावर मापायची आणि प्रमाणे कायमची लिहून ठेवायची. घरोघरच्या वह्यांत 'पंधरा-वीस मिरच्या' असे लिहिलेले असते. पण एकाच पोत्यातली एक मिरची अर्धा ग्रॅम भरते, दुसरी दीड. वीस मिरच्या म्हणजे कधी १० ग्रॅम, कधी ३०. वाटण एकदा फिके, एकदा दाट का होते, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. म्हणून पुढची सगळी मापे ग्रॅममध्ये.

आजचा माल दक्षिण गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची. डोंगरउतारावर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर होणारे हे पीक पावसाळा सरताना खुडतात आणि वाळलेला माल आता येतो. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. तेव्हापासून तिच्या नावाने दुसरी मिरची खपवणेही वाढले आहे, त्यामुळे नावावर न जाता हाताने पाहून घ्यावी.

पाहायचे ते असे. मिरची हातात वाकवली की किंचित लवली पाहिजे. काड्कन मोडली तर अति वाळलेली किंवा जुनी. मऊ चामड्यासारखी लागली तर ओल आहे. हलवल्यावर बी खुळखुळले पाहिजे. देठाजवळ नाक लावल्यावर मातकट, कुबट वास आला तर आतून बुरशी धरली आहे, मग बाहेरून कितीही लाल असो. सालीवर पांढरट फिके चट्टे असलेला माल घेऊ नये : त्यात रंग नाही, आणि बहुतेकदा तो झाडावरच रोगाने बिघडलेला असतो. फार चकचकीत मिरची पांढऱ्या कागदावर घासून बघावी. तेल चोळलेले असेल तर कागदावर डाग उरतो.

१० नोव्हेंबर

ओल मोजली. १० ग्रॅम मिरची कुटून ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवली. ८.४ ग्रॅम उरली, म्हणजे ओल १६ टक्के. साठवणीसाठी ती १० टक्क्यांच्या आसपास हवी. हिशोब सोपा आहे : १००० ग्रॅममध्ये ८४० ग्रॅम कोरडा भाग, १० टक्के ओलीवर त्याचे वजन ९३३ ग्रॅम. तेव्हा मिरची उन्हात घालायची आणि किलोचे ९३० ग्रॅम झाले की उचलायची. दिवस मोजण्यापेक्षा वजन मोजणे खात्रीचे. नोव्हेंबरात सकाळी दव असते, त्यामुळे ऊन नीट चढल्यावर पसरायची आणि सूर्य कलायच्या आत गोळा करून झाकायची. रात्रभर बाहेर राहिलेली मिरची दिवसभराची कमाई परत पिऊन घेते.

पसरताना जमिनीवर थेट नको. सुपात किंवा बांबूच्या तट्ट्यावर एक पदर. ऊन फार तीव्र असेल तर वरून पातळ सुती कापड. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, त्यांतले मुख्य कॅप्सँथिन. प्रकाश आणि हवा त्याला हळूहळू खातात. ऊन ओल काढते आणि रंगही नेते, म्हणून लागेल तेवढेच द्यायचे.

१६ नोव्हेंबर

मिरची फोडून भाग वेगळे केले. १०० ग्रॅम खोला मिरचीतून साल ५५, बी आणि आतल्या पांढऱ्या शिरा ३८, देठ ६, एक ग्रॅम धूळ.

तिखटपणा बियांत असतो हा समज इतका पक्का आहे की इथे सविस्तर लिहून ठेवतो. तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, तयार होते ते बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेले असते त्या शिरेत. बियांना ते बाहेरून लागते एवढेच. त्यामुळे बी झटकले आणि शिर तशीच राहिली तर तिखटपणा फारसा उतरत नाही. शिर ओढून काढली तर जाणवण्याइतका उतरतो. बी काढण्याचे खरे कारण दुसरे आहे. ती वाटली की लाल रंग पिवळट, मातट होतो, आणि भाजताना सालीच्या आधी करपून कडू होतात.

सरसकट सगळे बी काढणेही बरोबर नाही. बियांत तेल असते आणि वाटणाला त्याने थोडा खमंगपणा येतो. रेशादसाठी निम्मे बी, हुमणासाठी जवळजवळ सगळे काढलेले, शागुतीसाठी सगळे ठेवलेले, असे ठरवले आहे. शागुतीत खसखस, भाजलेला नारळ असतोच, तिथे रंग तपकिरीच व्हायचा.

हातांना आधी खोबरेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत. नंतर हात नुसत्या पाण्याने धुतले तर आग पसरते, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तेल चोळून मग साबण लावला तर जाते.

२२ नोव्हेंबर

तिखटपणा घरच्या घरी कसा तोलायचा?

विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली यासाठी पद्धत बसवली : मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, जिभेला झोंबायचे थांबेपर्यंत. आता प्रयोगशाळेत यंत्राने कॅप्सेसिन थेट मोजतात, पण एकक त्याच्याच नावाचे राहिले. स्वयंपाकघराला नेमका आकडा लागत नाही. हाती आलेल्या पोत्याची कालच्या पोत्याशी तुलना लागते, आणि त्याला जुनी पद्धत पुरेशी आहे.

१ ग्रॅम बारीक पूड, १० मिलिलिटर काजू फेणी, झाकण लावून रात्रभर, अधूनमधून हलवत. सकाळी कापडातून गाळायची. फेणीत मद्यार्क ४० टक्क्यांच्या वर असतो, त्यामुळे तिखट नीट उतरते. हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या वाफेची दारू) पुरत नाही, त्यात मद्यार्क फेणीच्या निम्म्याहून कमी. मग पाच टक्के साखरेच्या १०० मिलिलिटर पाण्यात ड्रॉपरने एक थेंब, दोन थेंब असे वाढवत जायचे. चाखणारे तीन जण, आणि त्यांतल्या दोघांना झोंबले तो आकडा लिहायचा. प्रत्येक घोटामध्ये पाच मिनिटे आणि दोन घोट दूध. दुधातले केसिन जिभेवरचे कॅप्सेसिन उचलते, पाणी नुसते फिरवते.

या पोत्याचे आकडे : खोला सबंध ५ थेंब, खोला शिरा आणि बी काढून ८ थेंब, तुलनेसाठी जहाल गुंटूर मिरची सबंध २ थेंब. जितके थेंब जास्त तितकी मिरची सौम्य. हे आकडे याच पोत्याचे आहेत. झाडाला पाण्याचा ताण पडला की तीच जात जास्त तिखट होते, म्हणून पोते बदलले की चाचणी पुन्हा.

३० नोव्हेंबर

भिजवण. तीन वाट्या : गार पाणी, उकळते पाणी, माडाचे (माडीपासून आंबवलेले) व्हिनेगर.

गार पाण्यात साल चार तासांनीही मध्ये चिवट. उकळत्या पाण्यात पाऊण तासात लोण्यासारखी वाटली जाते, पण ताज्या मिरचीचा फळासारखा वास उडतो. हुमणात नारळ, तिरफळ असल्याने ते चालून जाते. व्हिनेगरमध्ये सहा तास लागतात, वास टिकतो आणि आंबटपणा सालीत मुरतो. रेशादला हेच हवे.

भिजवलेले पाणी फेकायचे की वापरायचे यावर वाद असतो. चाखून ठरवावे. पाण्यात रंग आणि तिखट जवळजवळ उतरतच नाही, उतरते ती साखर आणि थोडा कडवटपणा. या पोत्याचे पाणी गोडसर निघाले, ते वाटणात घेतले. पाणी कडू लागले तर ओतून द्यावे, वाटणाचे काही नुकसान होत नाही. भिजवलेले पाणी भडक लाल झाले आणि रंगाच्या रेघा उतरू लागल्या तर संशय घ्यावा. मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा सुटत नाही. अर्थात तेलात विरघळणारा भेसळीचा रंग या परीक्षेत सापडणार नाही.

७ डिसेंबर

रेशाद. प्रमाण असे : देठ आणि निम्मे बी काढलेली खोला १०० ग्रॅम, सोललेली लसूण ४०, आले १५, जिरे ६, काळी मिरी ५, दालचिनी ४, हळद ३, लवंग दीड ग्रॅम, बी काढलेली चिंच ४०, साखर २०, मीठ ३०, माडाचे व्हिनेगर २५० मिलिलिटर. यातून साधारण अर्धा किलो वाटण होते. पाव-पाव किलोचे आठ-दहा बांगडे भरून पुन्हा सुंगटांना (कोळंबीला) चोळायला उरते.

मिरची भाजायची नाही. या वाटणाचा लाल तजेला कच्च्या सालीचा असतो. तव्यावर अर्धा मिनिट जास्त गेले तरी विटकरी होतो आणि पुन्हा परतत नाही.

मिरची आणि चिंच २०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सहा तास भिजवायची, ५० मागे ठेवायचे. सुके मसाले आधी कोरडे पूड करून घ्यायचे. अख्खी लवंग ओल्या वाटणात नीट फुटत नाही आणि तिचा तुकडा दाताखाली आला की तो घास कडू जातो. मग मिरची भिजवणीतून निथळून लसूण-आल्याबरोबर वाटायला घ्यायची, भिजवणीचे व्हिनेगर चमच्याचमच्याने. बहुतेक वाटणे इथेच बिघडतात : सगळे व्हिनेगर एकदम ओतले की मिरची मिक्सरच्या भांड्यात नुसती पोहत फिरते, पात्याखाली येत नाही, आणि सालीचे लाल ठिपके शेवटपर्यंत राहतात. आधी घट्ट वाटावे, गुळगुळीत झाल्यावर सैल करावे. मिक्सर अर्धा मिनिट चालवून एक मिनिट थांबवायचा. भांडे गरम झाले की लसणीला शिजलेला वास येतो. रगड्यावर हा प्रश्नच नाही. शक्य असेल त्याने रगड्यावर वाटावे, सालीचा गर तिथे जसा सुटतो तसा पात्याने सुटत नाही.

पीएच (आंबटपणाचे माप, आकडा कमी तितके आंबट) पट्टीवर ४ च्या थोडे खाली. ही तपासणी टाळू नये. घरी आंबवलेल्या व्हिनेगरची आंबटाई बाटलीगणिक वेगळी असते. वाटण ४.६ च्या खाली असेल तर लसणीबरोबर येणारा बोट्युलिझमचा (एका जंतूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा) धोका राहत नाही. व्हिनेगर न घालता मिरची-लसूण वाटून वर तेल ओतून बाहेर ठेवण्याची पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. तेलाखाली हवा नसते, आणि त्या जंतूला तेच लागते.

१० डिसेंबर

तीन दिवस फ्रीजमध्ये मुरलेले रेशाद बांगड्यांत भरले. कच्च्या लसणीचा उग्रपणा गेला आहे. बांगडा पाठीच्या काट्याच्या दोन्ही बाजूंनी चिरायचा, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवायचा, सुटलेले पाणी पुसायचे, मग एका बांगड्याला २५ ग्रॅम वाटण. पाणी न पुसता भरले की वाटण तव्यावर वाहून येते आणि जळते. बाहेरून रवा. खोबरेल, मध्यम आच, एकेक बाजू पाच ते सहा मिनिटे. वाटणात साखर आहे, मोठ्या आचेवर ती माशाच्या आधी काळी होते. आतले वाटण कच्चे लागले तर आच वाढवू नये, झाकण ठेवून दोन मिनिटे जास्त द्यावीत.

११ जानेवारी २०२५

हुमण. या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची तुलना.

दोन पातेली, दोन्हींत अर्धा किलो बांगडे, २०० ग्रॅम खोवलेला नारळ, १० ग्रॅम धणे, २ ग्रॅम हळद, छोटा कांदा, आठ तिरफळे, सहा सोलां (आमसुले). पहिल्यात शिरा-बी काढलेली खोला १२ ग्रॅम. दुसऱ्यात गुंटूर ३ ग्रॅम. थेंबांच्या चाचणीप्रमाणे (८ आणि २) दोन्हींचा तिखटपणा सारखा यायला हवा, आणि तो आला. बाकी काहीच सारखे आले नाही.

खोल्याच्या हुमणाला गडद केशरी-लाल रंग, वर तेलाचा लाल तवंग, रस भाताला धरून राहणारा. गुंटूरचे हुमण पिवळट, आणि नारळाचे पाणी वेगळे सुटल्यासारखे. कारण सरळ आहे. १२ ग्रॅम मिरचीत सालीचा गर जितका आहे त्याच्या पावपट ३ ग्रॅममध्ये येतो. रंग सालीत असतो, दाटपणाही सालीतल्या गरामुळे येतो. मध्यम तिखट मिरची नारळाइतकीच रसाचा पाया आहे. ती संपली म्हणून जहाल मिरची कमी घालून भागवता येत नाही. तिखट भागते, हुमण होत नाही. उलट बाजूने मात्र जमते. १२ ग्रॅम खोला तशीच ठेवून ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी अर्धा ग्रॅम गुंटूर जोडली की रंग, दाटपणा न बिघडता तिखट वाढते. गोव्याबाहेरच्या वाचकाने ही एकच गोष्ट उचलली तरी त्याच्या माशाच्या कालवणाला रंग येईल.

कृतीतले बारकावे. मिरची, धणे, हळद नारळाबरोबरच वाटायची, वेगळी पूड करून घालायची नाही. नारळाच्या तेलात रंग आणि तिखट दोन्ही विरघळतात, एकत्र वाटल्यावर ते रसभर सारखे पसरतात. तिरफळांतले काळे बी काढून टाकायचे आणि फळ नुसते चेचून घालायचे. वाटले तर कडू होते. वाटण उकळी फुटेपर्यंत सतत ढवळायचे, मासे घातल्यावर मंद आच, सोलां शेवटी. धडधडून उकळले की नारळ फाटतो, मग रंग कितीही चांगला असो, रस चोथापाणी दिसतो.

चव घेताना रस भाताबरोबर, खायच्या वेळी असतो तेवढाच गरम घ्यावा. कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) डिवचते ती ४३ अंशांच्या पुढच्या उष्णतेनेही जागी होते. तिचा शोध लावल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. पातेल्यातून थेट चाखलेले हुमण म्हणूनच असते त्याहून तिखट वाटते आणि उगाच नारळ वाढवला जातो. खरोखरच जास्त झाले असेल तर नारळाचा जाड रस घालावा. बटाटा टाकून तिखट ओढून निघत नाही.

१५ फेब्रुवारी

ब्याडगीचा नवा माल. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही मिरची, जीआय २०११ पासून. गोव्यातल्या निम्म्या हुमणांचा रंग तिचाच असतो. अंगावर दाट सुरकुत्या, आणि त्यांत माती बसते. कापडाने पुसून भागत नाही. झटपट धुऊन लगेच उन्हात घालायची, नाहीतर वाटण दाताखाली कचकचते. सुरकुत्या नसलेली, एकसारख्या मापाची मिरची ब्याडगी म्हणून दाखवली तर ती बहुधा संकरित असते.

रंगाला खोल्याहून गडद, वासाला मवाळ. नुसत्या ब्याडगीचे रेशाद दिसायला देखणे, चवीला सपाट लागले. ७० ग्रॅम खोला, ३० ग्रॅम ब्याडगी हे मिश्रण पसंत पडले. हुमणाला मात्र नुसती ब्याडगी चालते, १४ ग्रॅम.

१ मार्च

शागुतीसाठी भाजणे. लोखंडी तवा, मंद आच, खोबरेलाचे चार थेंब, सबंध मिरची २५ ग्रॅम, सतत हलवत दीड मिनिटापर्यंत. मिरची फुगली आणि वास गोडसर झाला की ताटात काढायची, तव्यावर ठेवून आच बंद करणे पुरत नाही. घशात ठसका बसला म्हणजे ती करपायला लागली. धणे, बडीशेप, खसखस यांच्याबरोबर एकाच वेळी भाजू नये, प्रत्येकाचा वेळ वेगळा.

२५ एप्रिल

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून हरमल. उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या किनारपट्टीची ही मिरची भातानंतर हिवाळी पीक म्हणून होते, त्यामुळे खोला संपत आली की ही हाती येते. जीआय २०२१. या मालाची चाचणी ४ थेंबांवर, म्हणजे आमच्या खोल्याहून थोडी तिखट. रेशादात वजन तेच ठेवले, बी निम्म्याऐवजी तीन चतुर्थांश काढले आणि शिरा ओढल्या. वजन कमी केले असते तर जानेवारीतल्या दुसऱ्या पातेल्याची गत झाली असती.

१० मे

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, साठवण. पाऊस सुरू झाल्यावर इथल्या हवेत मिरची उघडी टिकत नाही. साल पाणी ओढते आणि बुरशी येते.

सगळा माल पुन्हा तोलून ९३० ग्रॅमच्या हिशोबाला आणला. उन्हातून काढल्यावर गरम असतानाच बरणीत भरू नये, आत वाफ धरते. सावलीत तासभर निवू द्यायची. देठ काढायचे नाहीत, देठाचे भोक उघडे पडले की हवा आणि कीड दोन्ही आत जातात. पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना ठेवली, त्याने भुंगेऱ्याची अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या उष्णतेला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गार मिरचीवर दव जमते. मग कोरड्या बरणीत, तळाला जाड्या मिठाचा थर, अंधाऱ्या फडताळात.

पूड फक्त महिन्याभराची करायची. दळल्यावर रंग उघडा पडतो आणि हवेने फिकट होत जातो.

६ जुलै

बरण्या उघडून पाहिल्या. मिरची लवते आहे, बी वाजते आहे. खोल्याच्या एका नमुन्याची ओल ओव्हनमध्ये ११ टक्के भरली, ती चालेल. १३ च्या पुढे गेली तर पाऊस उघडायची वाट न पाहता ओव्हनमध्ये ५५ ते ६० अंशांना, दार किंचित उघडे ठेवून, वजन उतरेपर्यंत वाळवायची.

एका मिरचीच्या पोटात राखाडी-हिरवी बुरशी दिसली तर शेजारच्याही फोडून पाहायच्या आणि बाधलेल्या फेकायच्या. धुऊन, वाळवून, भाजून त्या वापरू नयेत. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडतात आणि ते स्वयंपाकाच्या आचेने जात नाही.

डिसेंबरच्या रेशादाची शेवटची बाटली : रंग शाबूत, पीएच तेवढाच, लवंग थोडी पुढे आली आहे. पुढच्या खेपेला लवंग एक ग्रॅम. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, चमचा कोरडा, महिन्याभरात संपवायची.